हार्थस्टोन: डाव चोख, पण डस्ट जपून वापरा

ब्लिझर्डचा हार्थस्टोन मार्च २०१४ मध्ये कॉम्प्युटरवर आला आणि वर्षभराने फोनवर. उतरवायला फुकट, शिकायला अर्धा तास पुरतो. टेबलावरचा डाव म्हणून इतका घोटीव ऑनलाइन पत्त्यांचा गेम दुसरा दाखवणं कठीण आहे. अडतं ते कार्डांच्या संग्रहात. नवे खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडून जितके हरत नाहीत तितके पहिल्या पंधरा दिवसांत चुकीची कार्डं मोडून आणि त्यातून मिळालेल्या डस्टमधून (कार्डं बनवायचा कच्चा माल) चुकीची बनवून हरतात.

आधी डाव कसा चालतो ते पाहू. दोघांकडे ३०-३० कार्डांचा डेक आणि ३० हेल्थचा हिरो, म्हणजे खेळाडूचं स्वतःचं पात्र. साधारण डेकमध्ये एकाच कार्डाच्या जास्तीत जास्त २ प्रती चालतात, लेजंडरी म्हणजे सर्वांत दुर्मिळ कार्डाची १. पहिल्या टर्नला १ मना (कार्डं खेळायला खर्चायचं चलन) मिळतो, मग दर टर्नला एकेक वाढत १० वर थांबतो. न वापरलेला मना पुढे जात नाही. बोर्डवर एका बाजूला ७ मिनियन (लढणारी पात्रं) मावतात, हातात १० कार्डं. अकरावं कार्ड ओढलं की ते सर्वांदेखत जळून जातं. डेक संपला तरी डाव संपत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक ओढीला आपल्याच हिरोला आधी १, मग २, मग ३ असं चढतं डॅमेज बसतं.

ज्याची टर्न, त्याचंच राज्य. समोरच्याच्या टर्नमध्ये आपल्याला काही खेळता येत नाही. आधीच लावून ठेवलेली सीक्रेट कार्डं तेवढी आपोआप उलगडतात. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा जुना खेळ खेळून आलेल्यांना हे पुळचट वाटतं, पण त्यामुळेच डाव अडखळत नाही आणि बहुतेक डाव दहा-पंधरा मिनिटांत निकाली निघतात.

पहिली उतारी करणाऱ्याला सुरुवातीला ३ कार्डं मिळतात. दुसऱ्याला ४ आणि वर कॉइन, म्हणजे एकदाच वापरायचा एक जादा मना. यातली नको ती कार्डं एकदा बदलता येतात आणि टाकलेलं कार्ड त्या बदलीत परत हातात येत नाही. इथे लोक फार भिडस्तपणा करतात. डेकमध्ये ज्याच्या २ प्रती आहेत असं एक कार्ड हवंच असेल आणि त्यासाठी सगळी कार्डं बदलली, तर ते मिळण्याची शक्यता पहिल्या खेळाडूला सुमारे ३७ टक्के आणि दुसऱ्याला ४७ टक्के. हातात धरून ठेवलेलं प्रत्येक महाग कार्ड हा आकडा खाली आणतं. ‘चांगलं कार्ड आहे, असू दे’ म्हणून ७ मनाचं कार्ड सुरुवातीला धरून ठेवणं म्हणजे पहिल्या सहा टर्न एक कार्ड कमी घेऊन खेळणं.

मनाचा हिशेबही असाच. पहिल्या ५ टर्नचा एकूण मना १५. दुसरी आणि तिसरी टर्न रिकामी गेली तर त्यातले ५ गेले, म्हणजे तिसरा हिस्सा. म्हणून १ ते ३ मनाची कार्डं डेकमध्ये भरपूर लागतात. नवख्यांचे डेक बहुधा इथेच फसतात. त्यात सगळे हुकमाचे एक्केच असतात आणि ते हातात येईपर्यंत बोर्ड समोरच्याचा झालेला असतो.

एक टर्न जवळून पाहा. मेज, म्हणजे जादूगार हिरो घेतलेल्या खेळाडूकडे ६ मना आहेत. बोर्डवर त्याचे दोन मिनियन, एक ३/२ आणि एक २/३ (आधी अटॅक, मग हेल्थ). समोर एकटा ४/५ चिलविंड येटी आणि १८ हेल्थ उरलेला हिरो. मेजच्या हातात फायरबॉल (४ मना, ६ डॅमेज) आणि फ्रॉस्टबोल्ट (२ मना, ३ डॅमेज आणि फ्रीझ). दोन्ही मिनियन येटीवर घातले तर तो मरतो, पण आपलेही दोन्ही जातात. फ्रॉस्टबोल्टने त्याला २ हेल्थवर आणून २/३ ने संपवला तर तो २/३ जातो, कारण फ्रीझ झालेला मिनियन आपणहून वार करत नसला तरी त्याच्यावर वार केला की उलटा मारतोच. हे पुष्कळांना पहिला मिनियन गमावल्यावर कळतं. फायरबॉल येटीवर टाकला तर दोन्ही मिनियन मोकळे राहतात. ते थेट हिरोवर ५, उरलेल्या २ मनात हिरो पॉवरचं (हिरोच्या स्वतःच्या शक्तीचं) १, असे मिळून समोरचा १२ वर येतो. पण मग शेवटच्या घावासाठी राखायचा फायरबॉल हातून गेलेला असतो. समोरच्याकडे बोर्ड साफ करणारं कार्ड असण्याची शक्यता किती, यावर उत्तर ठरतं. खेळाची सगळी गोडी या असल्या हिशेबात आहे.

क्रमाचं भान ठेवा. कार्ड ओढून देणारी आणि रँडम परिणाम करणारी कार्डं आधी खेळायची, नक्की परिणाम देणारी मागून. नवा मिनियन ठेवताना जागा निवडता येते आणि शेजारच्यांना ताकद देणाऱ्या कार्डांत ती जागा महत्त्वाची ठरते. एका टर्नला ७५ सेकंद असतात. शेवटी बोर्डवर वात पेटते. ॲनिमेशनचा वेळही यातच धरला जातो, म्हणून लांबलचक कॉम्बो खेळणाऱ्यांनी विचार समोरच्याच्या टर्नमध्ये उरकलेला बरा. नेट तुटलं तर गेम पुन्हा उघडून त्याच डावात शिरता येतं, पण तोवर घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही.

प्रतिस्पर्ध्याशी गप्पा मारायची सोय नाही, ठरलेली वाक्यं तेवढी आहेत. एकेकाळी त्यात ‘सॉरी’ही होतं. लोक ते माफी मागायला कमी आणि खिजवायला जास्त वापरत, म्हणून २०१६ मध्ये त्याच्या जागी ‘वॉव’ आलं. आता खिजवायला ‘वॉव’ वापरतात. समोरच्याच्या हिरोवर क्लिक करून त्याच्या तोंडाचा पट्टा बंद करता येतो.

आता संग्रह. एका पॅकमध्ये ५ कार्डं, त्यातलं किमान एक रेअर किंवा वरचं (कॉमन, रेअर, एपिक, लेजंडरी असे चढते दर्जे). पॅकला १०० गोल्ड पडतं आणि गोल्ड रोजची-आठवड्याची क्वेस्ट (नेमून दिलेली कामं) पूर्ण करून हळूहळू जमतं. एकाच संचाचे (एका वेळी आलेल्या नव्या कार्डांचे) पॅक उघडत गेलात तर ४० पॅकच्या आत एक लेजंडरी मिळतंच. नव्या संचात पहिल्या १० पॅकमध्येच पहिलं येतं. शहाण्याने याचा फायदा घ्यावा. गोल्ड कमी असेल तर एकेका संचाचे १० पॅक उघडून पहिलं लेजंडरी पदरात पाडायचं आणि थांबायचं. पाच संचांत तीन-तीन पॅक वाटून टाकणं हा सर्वांत तोट्याचा व्यवहार.

कार्डं एकमेकांत अदलाबदल करता येत नाहीत. नको असलेलं मोडायचं, त्याची डस्ट मिळते आणि डस्टमधून हवं ते बनवायचं. दर ठरलेले आहेत. कॉमन बनवायला ४० लागतात, मोडल्यावर ५ मिळतात. रेअर १०० आणि २०, एपिक ४०० आणि १००, लेजंडरी १६०० आणि ४००. म्हणजे एका लेजंडरीसाठी चार लेजंडरी मोडावी लागतात आणि एका कॉमनसाठी आठ कॉमन. सगळ्यांत हलका पॅक निघाला, ४ कॉमन आणि १ रेअर, तर तो पूर्ण मोडून हातात पडते ४० डस्ट. असे ४० पॅक मोडले तर एक लेजंडरी. इतका चढा दर सावकारही लावणार नाही.

त्यामुळे जादा प्रतींखेरीज काही मोडू नका. २०२० पासून जादा प्रतीही कमी येतात, कारण त्या संचातली एका दर्जाची सगळी कार्डं पुरी होईपर्यंत तिसरी प्रत दिली जात नाही. सोनेरी कार्डांचा अपवाद करता येईल. सोनेरी लेजंडरी मोडलं तर सरळ १६०० मिळतात, सोनेरी कॉमनलाही ५०. दिसायला झक्क, पण खेळात साध्या कार्डाइतकंच जोरदार.

बनवताना दोन गोष्टी तपासा. पहिली, कार्ड किती दिवस चालणार. २०१६ पासून स्टँडर्ड (फक्त अलीकडचे संच) आणि वाइल्ड (सगळे संच) असे वेगळे फॉरमॅट आहेत आणि दर वर्षी पहिल्या नव्या संचाबरोबर जुने संच स्टँडर्डमधून बाहेर पडतात. वर्षाच्या सुरुवातीचा संच जवळजवळ दोन वर्षं टिकतो, शेवटचा सोळा-सतरा महिने. फुकट मिळणारा कोअर संच २०२१ पासून आहे. त्यातली कार्डं दरवर्षी बदलतात आणि ती मोडता येत नाहीत. दुसरी गोष्ट, नर्फ. एखादं कार्ड कंपनीने कमजोर केलं तर काही दिवस ते पूर्ण किमतीत मोडता येतं. पण हे त्या एकाच कार्डापुरतं. त्या कार्डाभोवती बांधलेला डेक निकामी झाला तर बाकीच्या कार्डांना नेहमीचा चौथाई-आठवा भाव. गेमच्या व्यवहारातला हा सर्वांत अन्यायाचा भाग, आणि इतक्या वर्षांत तो जसाच्या तसा आहे. नवा संच आल्यावर पहिले दोन आठवडे डस्टला हात न लावणं हाच त्यावर उपाय. तोवर कुठलं कार्ड अति जोरात आहे ते सगळ्यांना कळलेलं असतं.

दुसऱ्याचा डेक उचलणं सोपं आहे. डेकचा कोड कॉपी करून गेममध्ये नवा डेक काढायला घेतला की तो कोड ओळखला जातो आणि नसलेली कार्डं दिसतात. ३-४ लेजंडरी लागणारे डेक नव्याने सोडून द्यावेत. हंटर (शिकारी) हिरोचे किंवा इतर ॲग्रो, म्हणजे झटपट हल्ला करणारे डेक बहुधा कॉमन-रेअरवर चालतात, आणि रँक चढायला डाव लवकर संपणं सोयीचंच असतं.

रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या डावांत, ब्राँझ ते डायमंड असे ५ टप्पे, प्रत्येकात १० पायऱ्या, प्रत्येक पायरीला ३ स्टार, आणि वर लेजंड. दर महिन्याला शिडी पुन्हा खालून. ठरावीक पायऱ्यांखाली घसरण होत नाही, म्हणून नवा डेक अशा पायरीवर पोचल्यावरच आजमावावा.

संग्रहाचा जाच नकोच असेल तर त्याच गेममध्ये बॅटलग्राउंड्स आहे, २०१९ पासून. ८ खेळाडू, सगळ्यांना एकच बाजार. मिनियन ३ गोल्डला विकत घ्यायचा, १ ला विकायचा, लढाई आपोआप होते, पहिल्या चारांत आलात तर जिंकलात. इथलं गोल्ड त्या डावापुरतंच. एक कार्डही बनवावं लागत नाही. काहींनी तर मूळ खेळ सोडून फक्त हाच धरला आहे, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

मार्व्हल स्नॅप या दुसऱ्या पत्त्यांच्या गेमशी तुलना नेहमी होते. त्यात १२ कार्डं, ६ टर्न आणि दोघं एकाच वेळी खेळतात, त्यामुळे वेळ कमी असेल तर तो बरा. मोठ्या डावात डोकं लढवायचं असेल तर हार्थस्टोन.

शक्य असेल तर टॅबलेटवर किंवा कॉम्प्युटरवर खेळा. फोनवर हातातली कार्डं कोपऱ्यात दुमडलेली असतात, मजकूर बारीक दिसतो आणि बोट घसरलं की फायरबॉल स्वतःच्याच मिनियनवर पडतो. टाकलेलं कार्ड परत घेता येत नाही.