साथीच्या काळात मुलांसाठी व्हिडिओ कॉलवरचे डॉक्टर: काय दिसतं, काय निसटतं

साथ पसरलेली असताना मूल तापलं की आईवडिलांना दोन धास्त्या एकदम घेरतात. दवाखान्यात नेलं तर तिथून काहीतरी घेऊन येईल, आणि नाही नेलं तर दुखणं हाताबाहेर जाईल. २०२० मध्ये व्हिडिओ कॉलवरची तपासणी झपाट्याने वाढली ती याच पेचामुळे. आमचं मत आधीच सांगतो. आत्ता निघायचं, सकाळी जायचं की घरीच थांबायचं, एवढं ठरवायला ही सेवा फार मोलाची आहे. नेमकं निदान करायला ती अपुरी आहे. आणि काही वेळा तर कॉल करण्यात वेळ घालवूच नये.

ती वेळ कुठली ते आधी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर थेट रुग्णालय गाठा. या वयात रक्तातला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग वरवर पाहून ओळखता येत नाही, तपासण्या कराव्याच लागतात. वय कितीही असो, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, झटका आला असेल, मूल उठवूनही धड जागं होत नसेल किंवा पाजलेलं सगळं उलटून टाकत असेल, तरीही हेच करा. ‘आपल्या आधी सहा जण रांगेत आहेत’ हा फोनवरचा संदेश वाचत बसायची ही वेळ नव्हे. मार्च २०२० मध्ये उपचारांपर्यंत उशिरा पोहोचलेल्या १२ मुलांची नोंद इटलीतल्या बालरोगतज्ज्ञांनी पुढे प्रसिद्ध केली होती. त्यांतली ४ दगावली.

आता ही सेवा जिथे खरोखर कामी येते ते. डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो श्वासांच्या आकड्याचा, आणि तो तुम्ही कॉलच्या आधीच काढून ठेवायचा असतो. मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगातला कपडा छातीच्या वर सरकवा. फोनवर ६० सेकंदांचा टायमर लावा. पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ही बाळं काही श्वास भराभर घेतात आणि मग क्षणभर थांबतात, त्यामुळे आकडा भलताच येतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. तापानेही श्वास वाढतो, म्हणून त्या वेळी ताप किती होता तेही शेजारी लिहा.

कॉलवर छाती दाखवताना बहुतेकांची चूक एकच होते: खिडकीकडे पाठ. मागून उजेड आला की मूल नुसती काळी आकृती दिसतं. दिवा बाजूने, छातीच्या पातळीवर ठेवा. बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर त्याची सावली उठून दिसते. फोन हातात न धरता कशाला तरी टेकवा.

आवाजाच्या बाबतीत ही सेवा दगा देते आणि पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही. कॉलची बरीच ॲप्स बोलण्याखेरीजचे आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात. छातीतली शिट्टी, कण्हणं, श्वास आत घेतानाचा घरघराट नेमका त्यातच जातो. तुम्हाला कानाने ऐकू येत असतं आणि डॉक्टर म्हणतात, ‘मला तर काही ऐकू येत नाही.’ अशा वेळी साधा कॅमेरा उघडून तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि तो फाइल म्हणून पाठवा. थेट चित्रापेक्षा हा तुकडा कितीतरी जास्त कामाचा ठरतो, कारण डॉक्टर तो दोनदा पाहू शकतात.

पुरळ दाखवायचं तर मागचा कॅमेरा आणि दिवसाचा उजेड घ्या. पुढचा कॅमेरा पुष्कळ फोनमध्ये त्वचा आपोआप गुळगुळीत करतो आणि बारीक ठिपके पुसले जातात. काचेच्या पेल्याची बाजू पुरळावर दाबा. दाबूनही ठिपके फिके पडत नसतील आणि सोबत ताप असेल तर कॉल तिथेच संपवून निघायचं.

ऑक्सिमीटर घरात असेल तर वापरा, पण मोठ्यांच्या बोटाचा चिमटा तान्ह्या बाळाला बसत नाही आणि त्यातून आलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही. जरा मोठ्या मुलाचा हात आधी ऊबदार करा, नेलपॉलिश काढा, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलू देऊ नका. सावळ्या त्वचेवर ही यंत्रं ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात. म्हणून आकडा चांगला आला तरी मूल धापा टाकत असेल तर मुलावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही.

औषधाचा डोस ही या सेवेतली सगळ्यात धोक्याची जागा. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात, साधारण दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. म्हणून कॉलच्या आधी वजन घ्या: मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. डॉक्टर ‘पाच एमएल द्या’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाटली असते आणि तुमच्या हातात दुसरीच असू शकते. दहा किलोच्या मुलाला पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ५ मिलिलिटर ठीक आहेत. तेच ५ मिलिलिटर २५० वाल्या सिरपचे दिले तर डोस दुपटीहून जास्त, आणि मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमवाल्या थेंबांचे दिले तर चौपटीहून जास्त. बाटलीचं लेबल कॅमेऱ्यासमोर धरा आणि डोस मिलिग्रॅम व मिलिलिटर दोन्हींत वदवून घ्या. सर्दीचं सिरप चालू असेल तर तीही बाटली दाखवा, त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. ॲस्पिरिन मुलांना मनाने कधीच देऊ नये.

कान दुखणं, पोट दुखणं आणि लघवीची जळजळ यांत कॉलची मजल फार जात नाही. कानाचा पडदा दिसत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. अशा कॉलवर अंदाजाने अँटिबायोटिक लिहून मिळालं तर ‘प्रत्यक्ष तपासल्याशिवाय हे सुरू करायलाच हवं का?’ असं स्पष्ट विचारा. आणखी एक गोष्ट सहज निसटते. ताप नाही, पण मूल सारखं पाणी पितंय, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, वजन उतरलंय. त्याच दिवशी बोट टोचून साखर तपासून घ्या. टाइप-१ मधुमेहाचं निदान होईपर्यंत मूल कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेत, पोहोचलेलं असण्याचं प्रमाण २०२० च्या टाळेबंदीत जर्मनीत वाढलं होतं. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी ताप, लाल डोळे, पुरळ आणि पोटदुखी सुरू झाली तर आधीचा संसर्ग कितीही सौम्य असला तरी डॉक्टरांना तो सांगा, आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवा.

लसीकरण तर कॉलवर होतच नाही. २०२० मध्ये जगभरात २ कोटी ३० लाख मुलं नेहमीच्या मूलभूत लसींना मुकली. गर्दी नसलेली वेळ फोनवर ठरवून घ्या, पण ते काम पुढे ढकलू नका.

चांगली सेवा कोणती हे कॉलच्या शेवटच्या दोन मिनिटांत कळतं. ‘बघू, काही वाटलं तर फोन करा’ एवढ्यावर बोळवण झाली तर ती सेवा आमच्या लेखी कच्ची. किती तासांत, काय दिसलं तर आणि कुठे न्यायचं, ही तिन्ही उत्तरं मिळाली पाहिजेत. उदाहरणार्थ: आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही किंवा श्वास ठरवून दिलेल्या आकड्याच्या वर गेला तर अमुक रुग्णालय, आणि साथीच्या रुग्णांपासून वेगळं दार कुठलं. कागदावर कॉलची वेळ, ताप, श्वास, शेवटचा डोस आणि शेवटची लघवी लिहून तो दारामागे चिकटवा. रात्री दोन वाजता ज्याला जाग येईल त्याला तो सापडला पाहिजे.