हप्त्यावर घेतलेली जुनी डिझेल हॅचबॅक: आखाजी ते संक्रांत

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर जळगावच्या एका डीलरकडून २०१६ ची डिझेल हॅचबॅक घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे भोगलं त्यात कंपनीचा वाटा फार थोडा. चार लाख फायनान्स, चार वर्षं, '९ टक्के फ्लॅट'. फ्लॅट म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर. हप्ता ११,३३३ चा बसला. रिड्यूसिंगच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजाच्या हिशेबाने हाच दर १६ टक्क्यांच्या आसपास जातो, पण शोरूमच्या खुर्चीवर हे कोणी उलगडून सांगत नाही.

गाडी चालवायला मस्त. पारोळा-धुळे चौपदरीवर वीसच्या वर मायलेज देते, सस्पेन्शनची तक्रार नाही.

पहिला दणका कन्नड घाटात. चौघं बसलेलो, एसी चालू, दुसऱ्या गिअरची चढण, आणि तापमानाचा काटा थेट लालवर. बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या टाकीत पाणी खदखदत होतं. चाळीसगावला फॅनची मोटर बदलली. पुढे भुसावळच्या रस्त्यावर पुन्हा तेच. तिथल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकला, "आपल्याकडच्या उन्हात याचं काय काम?" हा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो. त्याने काटा जरा खाली बसला, पण इंजिनला तापायला वेळ लागू लागला आणि मायलेज घसरलं. मग वॉटर पंप. दर वेळी बिल वेगळं, वाक्य एकच: आता बिनधास्त जा.

दिवाळीनंतर कुठेही गळती नसताना पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाच्या चहासारखा थर. अजिंठा चौफुलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी कशालाच हात लावला नाही, रेडिएटर उतरवला. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार घट्ट बसलेला. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर चुन्यासारखी भुकटी हातावर पडली. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत द्रवाऐवजी) वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. रेडिएटर चोक, म्हणून इंजिन तापतं. सारखं तापून हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं गॅसकेट गेलं. "भाऊ, इंजिन चांगलं शे, पानीनी वाट लाई दिन्ही," एवढंच म्हणाला. हेड फेसिंग (वाकलेलं हेड घासून सपाट करणं), गॅसकेट, नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट परत जागेवर, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. खर्च साधारण तीन हप्त्यांएवढा. तेव्हापासून काटा मधल्या रेघेच्या वर गेलेला नाही, घाटातसुद्धा.

गाडी गॅरेजात उभी असली तरी हप्ता खात्यातून कापला जातोच. बाउन्स झाला तर दंड वेगळा आणि सिबिलवर डाग वेगळा. 'फायनान्सवाल्यांनी पास केली म्हणजे गाडी चांगली' हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. त्यांचा व्हॅल्युअर चेसिस नंबर, मॉडेल, विमा आणि फोटो बघतो, इंजिनाचं पोट बघत नाही. डीलरची 'इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी' होती, पण बारीक अक्षरात लिहिलेलं: ओव्हरहीटिंगमुळे झालेलं नुकसान वगळून. मग वॉरंटी कशाची, देव जाणे!

वकिलाची नोटीस गेल्यावर डीलरने मजुरीचे पैसे दिले, पार्टचे नाही. पैसे मोजून घेतलेल्या जुन्या वस्तूसाठीही ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मी मजुरीवर मिटवलं, कारण डीलरचं 'इंजिन ओके' तोंडी होतं. तुम्ही बिलावर लिहूनच घ्या.

विकून टाक म्हणणारे घरात आहेत. पण आरसीवर फायनान्सचा बोजा आहे, त्यांच्या एनओसीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि कर्ज आधी बंद करायचे चार्जेस बघितले की विषय तिथेच थांबतो. शिवाय आता खरंच चांगली चालतेय.

डिझेल गाडी बघायला जाणार असाल तर सकाळी, इंजिन गार असताना जा. कूलंटचं झाकण उघडा. हिरवं किंवा लाल पाणी दिसलं तर पुढचं बोला. साधं, गंजकट किंवा काठावर पांढरं धरलेलं दिसलं तर रेडिएटरचा खर्च किमतीतून वजा करा. आणि डीलर म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवलीय," तर चहा घ्या आणि दुसरी गाडी बघा.