लश्करच्या जाड भिंती आणि दोन प्रीपेड सिम: हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

महागडा प्लॅन घेतला म्हणून नेट जोरात पळत नाही, हे आधीच सांगून टाकते. ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य बाजारात, रिचार्जच्या दुकानात उभं राहिलं की दुकानदार म्हणतो, "दीदी, ये वाला डलवा लो, फाइव जी अनलिमिटेड है, रॉकेट चलेगा." रॉकेट चालेल की बैलगाडी, हे रिचार्जवर ठरत नाही. रिचार्जमध्ये आपण दिवस घेतो, रोजचा डेटा घेतो आणि ठरावीक प्लॅनच्या वर गेलो तर ५जी वापरायची परवानगी घेतो. स्पीड ठरतो तो टॉवर किती लांब आहे, मध्ये भिंती किती आहेत आणि त्या घटकेला त्याच टॉवरवर आणखी किती जण आहेत यावर. म्हणून माझा हिशेब असा: कंपनी निवडायची ती आपण बसतो त्या खोलीवरून, आणि प्लॅन निवडायचा तो कागद-पेन्सिल घेऊन.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, चिटणीस की गोठच्या बाजूला. जुना वाडा, दगडी भिंती, माजघराला एकही खिडकी नाही. घरात वायफाय नाही, कारण वायर आणायची तर सामाईक भिंतीला भोक पाडावं लागतं आणि ते खालच्या काकांना मंजूर नाही. या विषयावर वाड्यात दोन दिवाळ्या चर्चा चालू आहे. तोवर सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दाल बाजारातल्या काही व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं मी घरूनच करते, चिरंजीव कोचिंगचे व्हिडिओ बघतात आणि सासूबाईंचा साधा बटणांचा फोन. तीन माणसं, तीन तऱ्हेच्या गरजा; त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

आधी पैशांचं. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनीही एकापाठोपाठ दर वाढवले. पुढचे आकडे त्या वाढीनंतरचे, २०२४-२५ चे आहेत; नंतर बदललेले असू शकतात, म्हणून रिचार्ज करण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये एकदा बघून घ्या.

त्या वाढीत एक गंमत झाली. ८४ दिवसांचा ८५९ रुपयांचा प्लॅन जिओकडेही आला आणि एअरटेलकडेही. रक्कम तीच, दिवस तेवढेच. पण जिओच्या ८५९ मध्ये रोज २ जीबी आणि एअरटेलच्या ८५९ मध्ये रोज दीड जीबी. २८ दिवसांच्या ३४९ चंही तेव्हा तेच होतं. फरक अर्ध्या जीबीचा वाटतो, पण दरवाढीबरोबरच अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनपुरतं राहिलं. म्हणजे तेव्हा एकाच रकमेत एकीकडे ५जी मिळत होतं, दुसरीकडे नाही. एअरटेलकडे ८४ दिवसांना रोज २ जीबी हवं असेल तर ९७९. दिवसाचा भाव काढला तर ८५९ चे सव्वादहा रुपये पडतात आणि ९७९ चे जवळजवळ पावणेबारा.

पोस्टरवरच्या आकड्यापेक्षा हा दिवसाचा भाव बघायची सवय लावून घ्या. जिओचा २९९ चा २८ दिवसांचा प्लॅन स्वस्त दिसतो, पण २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात: ३८८७ रुपये, आणि तेही ३६४ दिवसांचे. त्याच दीड जीबीचा ३१९ चा प्लॅन पूर्ण महिन्याचा आहे, ज्या तारखेला केला त्याच तारखेला पुढच्या महिन्यात संपतो. बाराने गुणा, ३८२८. वीस रुपयांनी महाग दिसणारा प्लॅन वर्षाला ५९ रुपयांनी स्वस्त पडतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं म्हणून असे महिन्याचे प्लॅन आले. दुकानदार ते स्वतःहून दाखवत नाही, मागावे लागतात. आणि एकदम वर्षाचे पैसे टाकायची तयारी असेल तर ३५९९ चा प्लॅन दोघांकडेही आहे, ३६५ दिवसांचा, दिवसाला दहा रुपयांच्याही आत. जिओकडे त्यात रोज अडीच जीबी, एअरटेलकडे २.

तरी मी वर्षाचा घेत नाही. वर्षाचा प्लॅन म्हणजे वर्षभर त्याच टॉवरशी संसार. मध्येच नंबर पोर्ट केला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, तर उरलेले दिवस बुडाले, त्याचे पैसे परत मिळत नाहीत. आधी एक ८४ दिवसांचा प्लॅन घरात वापरून बघा, पावसाळा नाहीतर उन्हाळा त्यात येऊ द्या, मग वर्षाचं ठरवा.

आता स्पीड. माझ्या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम आहेत, एक कॉलेजपासूनचं जुनं आणि एक मागच्या थंडीच्या सुरुवातीला घेतलेलं नवं. दोन्हींवर रोज २ जीबीवाला प्लॅन. त्या कंपन्यांची नावं इथे घेत नाही, कारण माझ्या माजघरात जे सिम झोपतं तेच तुमच्या मुरारच्या किंवा सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये पळेल.

गच्चीवर दोन्ही सिम ५जी दाखवतात. सकाळी सातला स्पीड टेस्ट केली की जुन्या सिमवर २०० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) वर आकडा जायचा, नव्यावर त्याच्या निम्मा. फक्त गच्ची धरली असती तर विषय तिथेच संपला असता. जिना उतरून ओसरीत आलं की दोन्ही जवळपास सारखे. माजघरात शिरलं की जुन्या सिमचं ५जी जातं, ४जी येतं आणि रात्री नऊच्या सुमारास आकडा ३-४ वर येऊन बसतो. नवं सिम त्याच वेळी, त्याच पाटावर, २०-२५ देतं. कारण साधं आहे. शहरातलं वेगवान ५जी बहुतेक ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि त्या लहरी जाड दगडातून फारशा आत येत नाहीत. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंत ओलांडतात, पण त्यांच्यावर गर्दीही होते. नव्या सिमचा टॉवर घराच्या मागच्या बाजूला, जवळच आहे; जुन्याचा कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही.

२०-२५ पुरतात का, असं चिरंजीवांनी विचारलं होतं. पुरतात. यूट्यूबवर ७२० चा व्हिडिओ अडीच-तीन एमबीपीएसमध्ये चालतो, १०८० ला पाचेक लागतात. २०० चा आकडा मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायला बरा. मला स्वतःला अपलोड जास्त महत्त्वाचा, कारण व्यापाऱ्यांची बिलं स्कॅन करून चढवायची असतात. स्पीड टेस्टमधला तो खालचा छोटा आकडा कोणी बघत नाही. जुन्या सिमवर माजघरात तो एकच्याही खाली जायचा. आणि एक लक्षात ठेवा: टेस्टमध्ये मेगाबिट असतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आठाने भागायचं. ८ एमबीपीएसला सेकंदाला एकच एमबी.

(२० तारखेला, म्हणजे जीएसटीच्या मासिक ३बी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, दोन्ही सिम बदलून बघितले तरी पोर्टल आपल्याच चालीने चालतं. तिथे टॉवरला दोष देऊ नये.)

माजघराचा दुसरा फटका मला खर्चातून कळला. "अनलिमिटेड ५जी" हे फोनच्या वरच्या कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असेपर्यंतच. ते जाऊन ४जी आलं की रोजचे २ जीबी खर्च व्हायला लागतात. चिरंजीव ओसरीत व्हिडिओ सुरू करून आत जेवायला येतात, फोन गुपचूप ४जीवर येतो आणि रात्री साडेनऊला कोटा संपल्याचा मेसेज. त्यानंतर स्पीड ६४ केबीपीएस. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचे शब्द रडतखडत जातात, फोटो फिरत बसतो. मग एक-एक दिवसाची डेटा व्हाउचर्स. जिओचं १ जीबीचं १९ ला, एअरटेलचं २२ ला. आठवड्यातून दोन व्हाउचर टाकावी लागत असतील तर महिन्याचे दीडशे-पावणेदोनशे वर गेले, तेवढ्यात वरचा प्लॅन आला असता. घरात ५जी टिकत नसेल तर "अनलिमिटेड" हा शब्द प्लॅनमधून खोडून मग भाव लावा. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये रात्री बारा ते सहा डेटा मोजत नाहीत आणि उरलेला शनिवार-रविवारी वापरता येतो. मोठी डाउनलोड रात्री लावणाऱ्यांना ते सोयीचं, आमच्या घरी बाराला सगळे घोरत असतात.

गर्दीत काय होतं ते मेळ्यात बघितलं. १९०५ पासून भरणारा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, रविवारची संध्याकाळ, सॉफ्टीच्या दुकानासमोर रांग. फोनवर कांड्या पूर्ण, ५जी लिहिलेलं आणि यूपीआयचं चक्र फिरतंय. माझं जुनं सिम बसलं, नवंही बसलं. पैसे आल्याचं बोलून सांगणारा दुकानदाराचा डबासुद्धा मुका. शेवटी माझ्या नवऱ्याने फोन ४जीवर टाकला तेव्हा पैसे गेले. कांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय एवढंच, टॉवर तुम्हाला वेळ देईलच असं नाही. अशा ठिकाणी कुठल्याही कंपनीचा कुठलाही प्लॅन उपयोगाचा नाही, शंभरच्या दोन नोटा जवळ ठेवा.

उन्हाळ्यात वेगळंच. मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातात. वीज दोन-तीन तास आली नाही की आमच्याकडे एक सिम हळूहळू विझायचं, आधी ५जी, मग कांड्या. हे जुनं नव्हे, नवं; माजघरात ज्याचं मी कौतुक केलं तेच. कस्टमर केअरला फोन लावला तर आधी दहा मिनिटं मशीनशी गप्पा, मग "आपके एरिया में अपग्रेडेशन चल रहा है". अपग्रेडेशन नेमकं वीज गेल्यावरच कसं चालतं, याचं उत्तर मिळालं नाही. तक्रार करायचीच असेल तर १९८ वर करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. नुसतं अ‍ॅपमधल्या चॅटवर बोलून हाती काही राहत नाही. ऊन चढलं की हॉटस्पॉटवाला फोनही तापतो आणि ५जी सोडतो, तो दोष मात्र कंपनीचा नव्हे. मी फोन माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवते.

दिल्लीच्या गाडीत मुरैना सोडलं की चंबळच्या घळींत दोन्ही सिम मधूनमधून जातात, धौलपूरला परत येतात. त्याचं काही वाटून घेऊ नये.

सासूबाईंचं प्रकरण सगळ्यात समाधानाचं ठरलं. त्यांना नेट नको, पुण्याच्या नणंदेशी रोज तासभर बोलायचं असतं. पूर्वी त्यांच्यासाठीही डेटावालाच प्लॅन टाकावा लागायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला, नुसते कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले आणि त्यांची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत नेली. जानेवारी २०२५ मध्ये ते आले: ८४ दिवसांना जिओचा ४४८, एअरटेलचा ४६९. लांबचा घ्यायचा तर जिओचा १७४८ आणि एअरटेलचा १८४९. इथे वरवर शंभर रुपयांचा फरक, पण जिओचे दिवस ३३६ आणि एअरटेलचे पूर्ण ३६५. भागून बघितलं तर एअरटेलचा दिवस पाच रुपये सात पैशांना, जिओचा पाच वीसला. सासूबाईंना हा हिशेब वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तिच्याशी दोन तास बोलायला हरकत नाही." नणंदेला तसं कळवलं आहे.

नंबर पोर्ट करायचा असेल तर प्लॅन संपायच्या आठवड्यात करा, म्हणजे दिवस बुडत नाहीत. PORT साठीचा एसएमएस १९०० ला जातो. इंग्रजीत PORT, मग एक स्पेस, मग आपला मोबाइल नंबर. रिचार्ज संपलेला असला तरी हा एसएमएस जायला हवा, तसा ट्रायचा आदेश आहे. उत्तरात येणारा पोर्टिंगचा कोड चार दिवस चालतो, आपल्याच सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) काम तीन कामकाजाच्या दिवसांत होतं. आधीच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि सिम हरवून नवीन घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. कोड मागितला की जुन्या कंपनीचे गोड फोन सुरू होतात. ऐकून घ्या, कधीकधी खरंच चांगली ऑफर असते, पण ती माजघरात चालणार नसेल तर काय करायचं? ओटीपीवर काम असणाऱ्यांनी महिन्याची २० तारीख टाळावी. सिम बदलतं त्या दिवशी काही तास फोन मुका असतो.

सध्या माझा व्यवसायाचा नंबर नव्या सिमच्या कंपनीत पोर्ट करून ८४ दिवसांच्या प्लॅनवर आहे. जुन्या कंपनीतही एक नंबर ठेवला आहे, स्वस्तातल्या प्लॅनवर, फक्त वीज गेल्यावरच्या दुपारींसाठी. ओटीटी फुकट मिळतं म्हणून वरचा प्लॅन घ्यावा असं चिरंजीवांचं मत आहे. ते फुकटचं ओटीटी बरेचदा फक्त मोबाइलवर चालतं, टीव्हीवर नाही, हे वाचून दाखवल्यापासून त्यांनी विषय काढलेला नाही. खालच्या काकांनी वायफायच्या वायरसाठी भोक पाडू दिलं तर जुन्या कंपनीचा तो नंबर बंद करेन.