लॅन केबलवरून टीव्ही देतो म्हणून सोसायटीची झालेली फसवणूक

पुण्यात कोथरूड भागातील आमच्या सोसायटीत बिल्डरनेच प्रत्येक फ्लॅटपर्यंत इंटरनेटसाठी कॅट-५ई दर्जाची लॅन केबल टाकून दिलेली आहे. बाल्कन्यांमधल्या डिश आणि लोंबत्या तारा काढून टाकाव्यात, टेरेसवर एकच डिश बसवावी आणि याच केबलमधून घरोघरी डीटीएच द्यावे, असा प्रस्ताव एका कंत्राटदाराने आणला. नवी तार लागणार नाही, तोडफोड होणार नाही आणि इंटरनेटचा वेगही कमी होणार नाही, अशी आश्वासने त्याने सर्वसाधारण सभेत दिली आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली.

प्रात्यक्षिक मात्र त्याने टेरेसलगतच्या फ्लॅटमध्ये, जेमतेम काही मीटर केबलवर दाखवले, आणि खरी लबाडी तिथेच होती. डिशवरून खाली येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. कॅट-५ई केबलचे मानक १०० मेगाहर्ट्झपर्यंतचे आहे आणि कॅट-६ केबलचेही २५० च्या पुढे जात नाही. वारंवारता आणि अंतर वाढेल तसा सिग्नल क्षीण होत जातो, त्यामुळे वर स्वच्छ दिसणारे चित्र खालच्या मजल्यांवर चौकोनांत फुटू लागले आणि पावसात तर पूर्णच गेले. प्रत्येक घराच्या बिलात ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून लावलेली डबी उघडून पाहिली, तेव्हा ती डिशची ७५ ओहमची तार १०० ओहमच्या लॅन केबलला जोडणारा साधा बॅलन निघाली. तिला वीजपुरवठाच नव्हता, मग ती सिग्नल वाढवणार कशी?

इंटरनेटचेही नुकसान झाले. गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिटच्या जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि त्याने एक जोडी टीव्हीसाठी काढून घेतल्यामुळे वेग १०० मेगाबिटवर आला. घरून काम करणाऱ्या सभासदांनी तक्रार केली, तेव्हा तुमचे राउटर जुने आहेत असे सांगून तो त्यांना नवे राउटर विकू लागला, याचा संताप अजून जात नाही.

लॅन केबलवर टीव्ही चालतो, पण तो आयपीटीव्ही पद्धतीने, म्हणजे डेटाच्या रूपात, इंटरनेटसोबत त्याच चार जोड्यांवरून. त्यासाठी आयजीएमपी स्नूपिंग (मागितलेली वाहिनी फक्त मागणाऱ्या घराकडेच पाठवण्याची सोय) असलेले नेटवर्क स्विच आणि वाहिन्या देण्याचा अधिकार असलेला ऑपरेटर लागतो. कोणी असा प्रस्ताव आणला तर प्रात्यक्षिक सर्वांत लांब केबलच्या फ्लॅटमध्ये, इंटरनेट चालू ठेवूनच मागावे आणि मोठी रक्कम त्यानंतरच द्यावी.

कंत्राटदार आता फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कागद जमवत आहोत. त्याची सगळी आश्वासने सभेच्या इतिवृत्तात नोंदलेली आहेत, हाच सध्या आमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.