कॅम्पातील ‘क्लार्कसाहेबां’चे कार्यालय : दम्याच्या अपंगत्व पेन्शनसाठी घेतलेल्या सेवेचा अनुभव

बेळगावच्या कॅम्प भागात माजी सैनिकांच्या पेन्शनची अपिले तयार करून देणारे दोन खोल्यांचे एक कार्यालय आहे. लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार क्लार्क ते चालवतात. दारावर पाटी नाही. खानापूर आणि चंदगडकडची माणसे त्यांना नुसते ‘क्लार्कसाहेब’ म्हणतात. दाजींच्या दम्याच्या प्रकरणासाठी गेल्या वर्षभरात मी तेथे सात खेपा घातल्या.

दाजी मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षे नोकरी करून २०११ साली नाईक म्हणून घरी आले. भरतीच्या वेळी त्यांची छाती ठणठणीत होती. उंच बर्फाळ भागातील दुसऱ्या नेमणुकीनंतर त्यांना दमा जडला आणि लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे कमी तंदुरुस्तीच्या वर्गात, ठेवण्यात आले. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने तो दमा आयुष्यभरासाठी ३० टक्के धरला, मात्र तो सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. अपंगत्व पेन्शनला किमान २० टक्के अपंगत्व आणि त्याचा सेवेशी संबंध, अशा दोन्ही गोष्टी लागतात. त्यामुळे या एका शेऱ्याने ते ३० टक्के कागदावरच राहिले.

क्लार्कसाहेबांकडे जाण्यापूर्वी आम्ही एका मध्यस्थाकडे गेलो होतो. त्याने आगाऊ पैसे घेतले, खासगी रुग्णालयातील ताजी तपासणी जोडली आणि अर्जात ‘सीओपीडी’ हा फुप्फुसांचा वेगळा जुनाट आजार लिहिला. दाव्यातला आजार दमा आणि अर्जातला आजार वेगळाच, तेव्हा तो अर्ज फेटाळला गेला यात नवल नाही. त्या गृहस्थाने बोर्डाचे कागद एकदाही मागितले नव्हते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

क्लार्कसाहेबांनी पहिल्याच भेटीत ती तपासणी बाजूला सारली. “गुरुजी, आज दाजी किती धापतात हे मला नको; बोर्डाच्या दिवशी काय लिहिले ते दाखवा,” असे ते मला म्हणाले. हे ऐकायला कठोर वाटते, पण त्यांच्या कामाचा सारा कस याच आग्रहात आहे. जवानांचे सेवेचे कागद ठेवणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून त्यांनी बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची, म्हणजे ए. एफ. एम. एस. एफ. १६ या नमुन्याची प्रत मागवली. कारणांच्या रकान्यात ‘कॉन्स्टिट्यूशनल’ एवढा एकच शब्द होता. आजार प्रकृतीतलाच आहे, असे म्हणून बोर्ड मोकळे झाले होते.

अपील या एका शब्दाभोवती उभारले. धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असा निर्णय दिला की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे, आणि सेवेशी संबंध नाही असे म्हणणाऱ्या बोर्डाने त्याची कारणे लिहावीत. तो खटला फेफऱ्याचा होता, दम्याचा नव्हे, आणि त्याचा नुसता उल्लेख करून काही मिळत नाही, हे त्यांनी आधीच बजावले. म्हणून भरतीचा तपासणी कागद, उंचावरील नेमणुकांच्या तारखा आणि दम्याची पहिली नोंद, हे तिन्ही त्यांनी तारखेनुसार एका पानावर मांडले. दाजी विड्या ओढत होते का, असे त्यांनी थेट विचारले, कारण रुग्णालयाच्या पानांवर ते लिहिलेले असतेच. दाजी थोडे रागावले, मग कबूल झाले, आणि ती कबुली अपिलात आली. मला हे पटले.

पैशांचा हिशेबही त्यांनी फुगवला नाही. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते आणि त्याच प्रमाणात ती कमी होत जाते. ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० धरण्याचा लाभ २०१४ च्या राम अवतार निकालाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला, म्हणून दाजींच्या बाबतीत ९ ऐवजी १५ टक्के मागता येतात. थकबाकी मात्र २००८ च्या तरसेम सिंह निकालानुसार अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळण्याची शक्यता आहे, हे त्यांनी बाकाच्या कडेला बसवून शांतपणे सांगितले. निवृत्तीपासूनची सारी रक्कम मिळेल, असे आधीच्या मध्यस्थाने सांगितले होते.

अपील फेटाळले गेले. आता सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या कोची खंडपीठापुढे अर्ज आहे; कर्नाटकातील प्रकरणे तेथे जातात. क्लार्कसाहेब वकील नाहीत. फाइल ते बांधतात, उभा वकील राहतो. आमच्यासमोर बसलेल्या चंदगडच्या जवानाला, तो महाराष्ट्रातला म्हणून, त्यांनी मुंबई खंडपीठाची वाट दाखवली. पाचपन्नास किलोमीटरचे अंतर आणि कचेरी दुसऱ्या राज्यात, हे आम्हा सीमेवरच्या लोकांना नवे नाही. निवृत्तीच्या बोर्डाने १० टक्केच लिहिलेल्या एका शेजाऱ्याचे काम मात्र त्यांनी घेतले नाही आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

मजकूर इंग्रजीत असतो, तरी सहीपूर्वी प्रत्येक परिच्छेद ते मराठीत वाचून दाखवतात. दाजींनी दोन तारखा तेव्हाच दुरुस्त केल्या.

उणिवाही आहेत. ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलचे काम ते मुलावर सोडतात आणि मुलगा शनिवारीच भेटतो. फोन उचलत नाहीत. पावती देतात, पण टपालखर्च वेगळा धरतात, ते आधी विचारून घ्यावे. साधा प्रश्न असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा, असे ते स्वतःच सांगतात. आणि कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे! धाप लागणाऱ्या माणसांची प्रकरणे घेणाऱ्याने बावीस पायऱ्यांवर बसावे, हे काही बरे नाही. दाजी दहाव्या पायरीवर थांबतात, आणि क्लार्कसाहेब फाइल घेऊन खाली येतात.