ओपल घेताना: काळा, पांढरा, बोल्डर की इथिओपियाचा?

मराठीत रत्नाच्या तेजाला ‘पाणी’ म्हणतात. ओपलमध्ये मात्र खरंखुरं पाणी असतं. हिरा किंवा माणकासारखा हा स्फटिक नाही. सिलिका आणि पाणी मिळून तो बनतो आणि दागिन्यातल्या खड्यात वजनाच्या साधारण ३ ते १० टक्के पाणीच असतं. त्यामुळे कुठला ओपल घ्यावा हे नुसत्या रंगावरून ठरवू नये. खडा पाण्याशी कसा वागतो, त्याच्या पाठीला काय आहे आणि तो अंगावर कुठे घालायचाय, या तीन गोष्टी आधी बघाव्यात. रंगाची भुरळ तर पडणारच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

हे रंग येतात कुठून, ते आधी थोडक्यात सांगते, कारण भावातला फरक त्यातून कळतो. ओपलच्या आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे थरावर थर रचलेले असतात. ते एकाच मापाचे आणि नीट ओळीत असले, की त्यांच्यामधल्या फटींतून प्रकाशाचं विवर्तन होतं आणि खडा हलवला की रंग पळायला लागतात. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना दिसली. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा दिसतो, मोठे असतील तर लालही दिसतो. मोठे गोळे इतके सुबक रचलेले क्वचितच सापडतात, म्हणून लाल चमकणारा खडा निळ्या-हिरव्यापेक्षा महाग. गोळे वेडेवाकडे असतील तर रंगांचा खेळच नसतो. अशा ओपलला खाणकामगार ‘पॉच’ म्हणतात.

आता काळा आणि पांढरा शेजारी ठेवून बघू. काळ्या ओपलसाठी ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं लायटनिंग रिज प्रसिद्ध आहे. त्यातल्या बऱ्याच खड्यांमध्ये रंगाचा पातळ थर गडद पॉचवर नैसर्गिकरीत्याच बसलेला असतो. मागे अंधार असल्यामुळे पुढचे रंग पेटल्यासारखे दिसतात. पांढरा ओपल प्रामुख्याने दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यातला. तिथल्या कूबर पेडीला १९१५ साली ओपल सापडला आणि त्यावर अख्खं गाव उभं राहिलं. पांढऱ्याचं अंग दुधाळ असतं, त्यामुळे रंग मवाळ दिसतात. अंगाचा गडदपणा मोजायला व्यापारात एन१ ते एन९ अशी मोजपट्टी वापरतात. एन१ ते एन४ म्हणजे काळा, पुढचे दोन गडद आणि एन७पासून फिका.

इथे बरेच जण चुकतात. काळा म्हटलं की चांगला, असं धरून मंद रंगांचा काळा खडा घेतात. माझं स्पष्ट मत आहे की, मरगळलेल्या काळ्यापेक्षा तेजस्वी पांढरा कधीही बरा. खडा दिव्याच्या झोतातून बाजूला घ्या, खोलीतल्या साध्या उजेडात धरा आणि हळूहळू फिरवा. सगळ्या बाजूंनी रंग टिकत असतील तर तो खडा चांगला. एकाच कोनात चमकून बाकी वेळ विझत असेल, तर अंगठीत तो बहुतेक वेळ विझलेलाच दिसेल. पारदर्शक अंगाचा ‘क्रिस्टल’ ओपल या दोन्हींच्या मधला. मला सगळ्यात जास्त तोच आवडतो, कारण रंग पृष्ठभागावर न दिसता आत खोलवर तरंगताना दिसतात. पण त्याच्यामागे काय आहे त्यावर त्याचं रूप बदलतं, म्हणून कोंदणाबाहेर हातात घेऊन बघितल्याशिवाय तो ठरवू नये.

पाठीचा प्रश्न खरा महत्त्वाचा ठरतो तो बोल्डर ओपल आणि डब्लेट यांच्यात. वरून बघितलं तर दोन्ही सारखेच वाटू शकतात: पुढे रंग, मागे काळोख. बोल्डर ओपल ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँडचा. तिथल्या लोहयुक्त तपकिरी दगडाच्या भेगांमध्ये तो पातळ शिरांसारखा तयार होतो आणि कारागीर दगडासकट तो कापतात. पाठ निसर्गाचीच असल्याने खडा दणकट असतो. आकार मात्र बहुधा वेडावाकडा आणि पृष्ठभाग थोडा उंचसखल असतो. जोडीच्या कर्णफुलांसाठी सारखे दोन खडे मिळणं अवघड, पण एकाच पेंडंटसाठी याच्यासारखा खडा नाही. डब्लेटमध्ये ओपलची चकती काळ्या पाठीवर चिकटवलेली असते. ट्रिप्लेटमध्ये त्यावर काचेचा किंवा क्वार्ट्झचा पारदर्शक घुमटही बसवतात, आत ओपलचा नुसता पापुद्रा असतो.

ओळखायचं कसं? खडा आडवा धरून कडेने बघा. ओपल आणि पाठ यांच्यामधली रेघ सुतासारखी सरळ असेल तर चिकटवल्याचा संशय घ्या. नैसर्गिक खड्यात ती सहसा वळणं घेत जाते. डब्लेट घेणं यात काही कमीपणा नाही. कमी पैशांत काळ्या ओपलचा थाट मिळतो आणि तो डब्लेट म्हणून विकला जात असेल तर व्यवहार चोख आहे. फक्त तो पाण्यात भिजवायचा नाही. डिंक हळूहळू सुटतो, आत ओल शिरते आणि खडा धुरकट होतो. तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक ऑस्ट्रेलियाच्या आणि इथिओपियाच्या ओपलमध्ये आहे. इथिओपियाच्या वोलो भागात २००८ साली मोठा साठा सापडला आणि त्यानंतर बाजाराचं चित्रच बदललं. तिथले खडे झगझगीत असतात, बरेचसे पारदर्शक, आणि तशाच चमकीच्या ऑस्ट्रेलियन खड्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त. पण त्यातले बहुतेक सच्छिद्र असतात, त्यांना हायड्रोफेन म्हणतात. पाण्यात पडला की खडा पाणी शोषतो, जड होतो, काचेसारखा आरपार दिसू लागतो आणि रंग नाहीसे होतात. आपला खडा गेला असं वाटून माणसाचा जीव खालीवर होतो. तो सावकाश वाळू द्यावा. काही दिवस लागतात, कधी त्याहूनही जास्त, पण रंग सहसा परततात. ऊन किंवा गरम हवा देऊन घाई केली तर तडा जाण्याची भीती असते.

साध्या पाण्याहून जास्त भीती तेल, अत्तर, क्रीम आणि साबणाच्या पाण्याची, कारण ते आत गेलं की खडा कायमचा पिवळसर पडू शकतो. हाच सच्छिद्रपणा रंगवणाऱ्यांच्याही पथ्यावर पडतो. धूर देऊन काळे केलेले किंवा भडक रंगात बुडवलेले इथिओपियन खडे सर्रास मिळतात. लायटनिंग रिजचा म्हणून कोणी स्वस्तात गडद काळा खडा दाखवत असेल, तर प्रयोगशाळेचा दाखला मागा.

अखंड, म्हणजे न चिकटवलेला, ऑस्ट्रेलियन ओपल मात्र सच्छिद्र नसतो, पाण्याचे चार थेंब उडाले म्हणून काही बिघडत नाही. ओपल तेलात जपून ठेवावा असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. ऑस्ट्रेलियन खड्याला त्याचा उपयोग नाही आणि इथिओपियनला त्याने अपायच होतो. म्हणून हात धुताना दागिना काढायचं लक्षात राहत नाही, अशा माणसाला मी इथिओपियन अंगठी सुचवणार नाही. त्याच खड्याची कर्णफुलं मात्र आनंदाने सुचवेन.

मेक्सिकोचा फायर ओपल या सगळ्यांपासून वेगळा. केरेतारो भागातल्या या खड्याला लोहाच्या अंशामुळे केशरी-लाल रंग येतो. रंगांचा खेळ असेल किंवा नसेलही, पण अंग पारदर्शक असल्याने त्याला इतर पारदर्शक रत्नांप्रमाणे पैलू पाडता येतात. घुमटाकार खडा आवडत नसेल तर हाच बघावा. पेरूचे गुलाबी आणि निळे ओपल शांत, एकरंगी असतात आणि मण्यांच्या माळेत छान दिसतात. चमकीच्या अपेक्षेने मात्र ते घेऊ नयेत. ‘ओपलाइट’ म्हणून जे विकतात ती बहुधा नुसती काच असते.

अंगठीच घ्यायची असेल तर कोंदणाकडे खड्याइतकंच लक्ष द्या. ओपलचा कठीणपणा मोह्स मापात ५.५ ते ६.५ आणि साध्या धुळीतल्या वाळूकणांचा ७. म्हणजे रोज वापरली तर चरे पडणारच. चार नख्यांवर उंच उभा केलेला खडा मेजाच्या कडेला आपटतो. सगळीकडून धातूची कड असलेलं बेझल सेटिंग आणि कडेपेक्षा फार वर न येणारा घुमट बराच काळ टिकतो. पेंडंट, ब्रोच आणि कर्णफुलांना ही बंधनं नाहीत, तिथे नाजूक खडाही चालतो. दागिना अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेवर साफ करू देऊ नका, ओलसर मऊ फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

आणि दागिन्याची मागची बाजू धातूने बंद असेल, तर खडा बसवण्याआधी सुटा बघायला मागा. त्या झाकणाखाली पॉच आहे, लोहदगड आहे की डिंक, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही.