खालच्या दाढा गेल्यावर: फ्लेक्सिबल कवळी की कास्ट पार्शल?

खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या आहेत, पुढचे दात मात्र घट्ट आहेत आणि इम्प्लांट (हाडात पक्का बसवलेला दात) तूर्त नको आहे, अशा माणसासमोर डॉक्टर साधारण दोन नावं ठेवतात: फ्लेक्सिबल आणि कास्ट पार्शल. पार्शल म्हणजे गेलेल्या दातांपुरतीच, काढता-घालता येणारी कवळी; फ्लेक्सिबल लवचीक नायलॉनची, कास्ट धातूच्या सांगाड्याची. साधी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची पार्शलही असते, पण दात काढल्यानंतर हिरड्या भरून येईपर्यंतच्या काही महिन्यांपुरतीच मी ती धरतो. खरी निवड या दोघींत. मी दोन्ही वापरल्या आहेत. फ्लेक्सिबल पावणेदोन वर्षं आणि त्यानंतर गेली चार वर्षं कास्ट.

पहिल्यांदा फ्लेक्सिबल घेतली ती दिसण्यासाठी. माझं काम दिवसभर लोकांशी बोलण्याचं. बोलताना कवळीला दाताशी धरून ठेवणारा धातूचा हूक चमकेल, ही धास्ती मनात होती. फ्लेक्सिबल नायलॉनची असते आणि तिचे हूकही हिरडीच्याच रंगाचे, त्यामुळे समोरच्याला काही कळत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ती गरम पाण्यात थोडा वेळ धरून नरम केली आणि अलगद बसवली. वजनाला हलकी, कुठे टोचत नाही, हातातून निसटून बेसिनमध्ये पडली तरी तडकत नाही. स्वतःच्या शाबूत दातांना कुठे घासावंही लागलं नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि आजही मी त्या नाकारणार नाही.

पण वर्ष होत आलं आणि दाण्याच्या कुटाचा त्रास सुरू झाला.

आपल्याकडे कूट कशात नसतं? काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी. त्याचे कण कवळीच्या मागच्या टोकाखाली शिरायचे आणि घास चावला की हिरडीत रुतायचे. तिळाचं तेच. पेरूच्या बियांनी तर डोळ्यांत पाणी यायचं. घरी निदान उठून चूळ भरता येते, कवळी धुऊन पुन्हा बसवता येते. पंगतीत काय करणार? एका बारशाला समोर कोशिंबीर वाढलेली होती, यजमान प्रेमाने आग्रह करत होते आणि मी ती न खाताच उठलो. त्यानंतर चतुर्थीची खिचडीही सोडली. दाढा बसवल्या त्या खाण्यासाठी, आणि ताटातून एकेक पदार्थ कमी होत चालला होता. याचं मला फार वाईट वाटायचं.

याचं कारण एका प्रॉस्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे कवळ्यांच्याच तज्ज्ञांनी, हातात आरसा देऊन समजावलं. मागे दाढच नसली की कवळीचं मागचं टोक नुसत्या हिरडीवर टेकतं. पुढच्या दातांवर कवळीचा पक्का टेकू असेल तर चावण्याचा निदान काही भार ते दात उचलतात. नायलॉन लवचीक, त्याचा असा टेकू होत नाही. त्यामुळे प्रत्येक घासाला कवळी हिरडीत दबते. हिरडीखालचं हाड दात गेल्यापासून झिजत असतंच, त्यात ही दाबाची भर. हाड खाली गेलं की फट पडते आणि फटीत कूट शिरतं.

फट पडणं एक वेळ मी सहन केलं असतं, कारण ती कुठल्याही कवळीत आज ना उद्या पडते. पण अ‍ॅक्रिलिकचा भाग असेल तर आतून नवा थर देऊन ती भरता येते. त्याला रिलायनिंग म्हणतात. नायलॉनला तो थर धड चिकटत नाही. कवळीवरचे दातसुद्धा नायलॉनशी एकजीव झालेले नसतात, त्यांना बारीक भोकं पाडून त्यात नायलॉन अडकवलेलं असतं. माझा एक दात असाच निसटला. लॅबमधून बसवून आणला, महिन्याभरात पुन्हा निसटला. दोन्ही तक्रारींना उत्तर एकच मिळालं: नवीन करून घ्या. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

कास्ट पार्शलचा सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो, मागे हिरडीवर टेकणारा भाग मात्र अ‍ॅक्रिलिकचा. खालच्या जबड्यात दातांच्या आतल्या बाजूने, जिभेजवळून, एक बारीक दांडी जाते आणि ती दोन्ही बाजूंना जोडते. टेकू बसावा म्हणून डॉक्टर तुमच्या दातांवर अगदी छोटे खळगे करतात. चांगल्या दातावर ड्रिल चालताना जीव खालीवर होतो, पण ते काम इनॅमलपुरतं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरापुरतं असतं आणि मला तरी दुखलं नाही. फेऱ्या जास्त होतात: माप, मग सांगाड्याची ट्रायल, मग दात मेणात लावून ट्रायल. मला ती फ्लेक्सिबलच्या दीडपट महाग पडली. पहिले दोन आठवडे जीभ सारखी त्या दांडीला लागत होती. रोज सकाळी पेपरातला एखादा लेख मोठ्याने वाचायचो, त्याने उच्चार लवकर सुटे झाले. डावीकडचा एक हूक हसताना दिसतो. अजूनही दिसतो, आणि आता मला त्याचं काही वाटत नाही.

कूट आजही क्वचित आत जातं. पण कवळी तेवढी दबत नाही, त्यामुळे रुतत नाही. अडीच वर्षांनी थोडी फट जाणवली तेव्हा सकाळी कवळी दिली आणि रिलायनिंग होऊन संध्याकाळी परत मिळाली.

तिचे दोषही सांगायला हवेत. हूक कालांतराने सैल होतात. डॉक्टर पकडीने घट्ट करून देतात, पण वारंवार वाकवला तर हूक तुटू शकतो, म्हणून घरी हात लावू नका. हूक ज्या दाताला धरतो त्याच्याभोवती अन्न साचतं आणि तो दात किडला तर कवळीचा आधारच जातो. मी रात्री कवळी काढल्यावर आधी ते दोन दात घासतो, मग कवळी. खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ येत असेल तर मिश्रधातूत निकेल आहे का, हे आधी विचारा.

निगेच्या बाबतीत दोघींचं बरंचसं सारखं आहे. टूथपेस्टने कवळी घासू नका, बारीक चरे पडतात आणि डाग तिथेच धरतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर धरून धुवा. माझ्या फ्लेक्सिबलला हळदीचा पिवळा रंग चढला तो उतरला नाही. कास्टला ती अडचण कमी, पण तिला ब्लीच चालत नाही, धातू काळा पडतो. कवळी साफ करायच्या गोळ्या वापरणार असाल तर पाकिटावर धातूच्या कवळीला चालतील असं लिहिलेलं बघून घ्या. रात्री काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांनाही मोकळीक लागते. आणि बाहेर जेवताना कवळी कागदी रुमालात गुंडाळून कधीही ठेवू नका. उष्ट्या पत्रावळीबरोबर ती जाते. डबी खिशात असू द्या.

फ्लेक्सिबल कुणी घेऊच नये, असं मला म्हणायचं नाही. पुढचा एखाददुसरा दात गेला असेल आणि दोन्ही बाजूंना दात असतील तर ती छान दिसते आणि तिथे भारही कमी येतो. अ‍ॅक्रिलिकची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. सुपारी-गुटख्याने ज्यांचं तोंड पुरतं उघडत नाही त्यांच्यासाठी तर ती मोठी सोय आहे, कारण ती थोडी वाकवून आत घालता येते. पण दोन्हीकडे मागचा आधार गेलेला माझ्यासारखा जबडा असेल, ज्याला डॉक्टर केनेडी वर्ग १ म्हणतात, तर माप देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: टेकू कशावर असणार, आणि फट पडली तर भरता येईल का? खाजगीत खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे वेळ जास्त लागतो, पण खर्च पुष्कळ कमी होतो.

नवी कवळी पहिल्या आठवड्यात कुठेतरी लागतेच, दोघींपैकी कुठलीही घ्या. तेव्हा वैतागून ती डबीत ठेवून देऊ नका आणि घरी कानसही लावू नका. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळपासून घालून ठेवा, म्हणजे हिरडीवर लाल झालेली जागा त्यांना दिसते आणि नेमकं तेवढंच घासता येतं.